ओठ न मिटता

शाळेत अलंकार शिकलो ते मार्कांसाठी. श्लेषाची व्याख्या, एक उदाहरण, दोन मार्क, विषय संपला. त्यामुळे शब्दांचे खेळ म्हणजे नुसती कारागिरी, खरं साहित्य काहीतरी वेगळंच असतं, असा समज बरीच वर्षं डोक्यात होता. आता मात्र माझं ठाम मत झालंय की काही पुस्तकं तो खेळ स्वतः खेळून बघितल्याशिवाय कळतच नाहीत.

मोरोपंतांचंच (१७२९–१७९४) घ्या. त्यांनी रामायणं रचली ढीगभर, त्यातलं एक निरोष्ठ. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य, वाचताना ओठाला ओठ लागत नाही. 'पंडिती कसरत' म्हणून आपण पुढे जातो. पण जरा थांबून बघा राव! म नाही म्हणजे 'राम'च नाही. लक्ष्मण, भरत, हनुमान, सगळे बाद. रामकथा सांगायची आणि ज्याच्यासाठी सांगायची त्याचं नाव घ्यायचं नाही.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ साली एक अख्खी कादंबरी 'ई' हे अक्षर न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये ई शिवाय आई लिहिता येत नाही, वडील लिहिता येत नाहीत, 'मी' सुद्धा नाही. पेरेकचे वडील १९४० साली युद्धात गेले. आईला १९४३ साली आउशवित्झला नेलं, ती परत आली नाही. हे सगळं मला माहीत होतं, पण ते माहितीसारखं माहीत होतं.

गेल्या शनिवारी म्हटलं, आपणही करून बघू. विषय घेतला बाबांचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ती पाच अक्षरं पकडणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली (व्याकरणात उ सुद्धा ओष्ठ्य आहे, पण तेवढी सवलत घेतली) आणि बसलो. पहिल्याच शब्दाला एरर. 'बाबा' चालत नाही. बरं, 'माझे' लिहावं तर तेही नाही. 'मी' नाही, 'आम्ही' नाही. 'वडील' चालतं, पण घरी त्यांना वडील कोण म्हणत होतं? तो शब्द फॉर्म भरायचा. शेवटी लिहिलं, 'रोज सकाळी सात वाजता ते रेडिओ लावायचे.' नुसतं 'ते'. पेरेक काय करत होता ते तेव्हा कळलं.

तासाभरात आठ ओळी झाल्या. आईला फोनवर वाचून दाखवल्या. खेळाचं काही सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे रे. पण सातला नाही, पावणेसातला लावायचे."

पावणेसातमध्ये प आहे. ती ओळ अजून तशीच आहे.