दुकान तुमचं, पण शटरची चावी कोणाकडे?



"सर, अ‍ॅप बनवायचंय, खर्च किती येईल?" हल्ली प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. बनवायचा खर्च सगळे विचारतात. अ‍ॅप चालायला लागल्यावर दर महिन्याला काय कापलं जाईल, हे कोणी विचारत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. तुम्ही चिचगडहून मोहाचे लाडू किंवा देवरी तालुक्यातला तांदूळ अ‍ॅपवर विकलात, तर गुगल प्ले त्या विक्रीतून एक रुपयाही घेत नाही. कमिशन लागतं ते डिजिटल मालावर: ऑनलाइन क्लास, मासिक वर्गणी, गेम. समजा, तुमच्या शिकवणीच्या अ‍ॅपवर २०० पोरं महिन्याला ९९ रुपये भरतात. जमा झाले १९,८०० रुपये. वर्गणीवर १५ टक्के धरले तर २,९७० रुपये गेले. गुगलऐवजी दुसरी पेमेंट पद्धत ठेवली तरी सूट फक्त ४ टक्क्यांची, म्हणजे ११ टक्के द्यायचेच. तेच पैसे यूपीआयने थेट खात्यात घेतले असते तर?

आता कोणी म्हणेल, बाजारात बसायचं तर बाजाराची पावती फाडावीच लागते. बरोबर आहे, माझी पावतीला हरकत नाही. पण दुसरा बाजारच जवळपास नसेल आणि गल्लाही त्याचाच वापरा अशी सक्ती असेल, तर ती पावती राहत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं आणि गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड लावला. यूट्यूबला हा नियम लागू नव्हता, हेही आयोगाने पकडलं. (हो, माझे व्हिडिओ तुम्ही बघता तेच यूट्यूब!) पुढे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे.

कोर्टाचं कोर्ट बघेल. मला जास्त काळजी वाटते ती १ मार्च २०२४ ची. फीच्या वादात त्या दिवशी गुगलने मुंबईच्या शादी डॉट कॉमसह अनेक भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढून टाकली. केंद्रीय मंत्री मध्ये पडले, म्हणून काही दिवसांत ती परत आली. तुमचं अ‍ॅप काढलं तर मंत्री फोन करतील का हो?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आयोगाने लढावं, कायदा कडक व्हावा, फोनपेच्या इंडस अ‍ॅपस्टोअरसारखी दुसरी दुकानंही वाढावीत. पण निकालाच्या भरवशावर धंदा उभा करू नका. पहिले ५० ग्राहक व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआयवर करा. अ‍ॅप नंतर. ज्यांचं अ‍ॅप आधीच सुरू आहे, त्यांनी आज रात्री एक काम करा: वही काढा आणि पैसे भरणाऱ्यांपैकी किती जणांचे मोबाईल नंबर तुमच्या स्वतःकडे आहेत, ते मोजा.