जुन्या खडूचे स्तोम

बिलियर्डच्या काठीस लावावयाचा खडू जितका जुना तितका उत्तम, असे एक मत खेळाडूंत बरेच बोकाळले आहे. कारखान्याने केव्हाच बंद केलेल्या छापाचा ठोकळा हाती लागला की त्यासाठी नव्याच्या अनेकपट दाम मोजणारे शौकीन आहेत, आणि त्यावाचून आपला हात बसत नाही असे शपथेवर सांगणारेही आहेत. एवढ्याशा ठोकळ्यावरून वाद तो काय घालावयाचा, असे वाचकांस वाटेल. या समजुतीचा भुर्दंड श्रीमंत शौकिनांपुरताच राहता तर आम्हीही लेखणी उचलली नसती. परंतु हा खेळ आता क्लबांच्या भिंती ओलांडून लहान शहरांत उतरला आहे. आमच्या धाराशिवाकडील एखादा होतकरू मुलगा सोलापुरास किंवा पुण्यास जाऊन काठी हाती धरतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यास कोणी जाणता सांगतो की, "या खडूने काय होणार?" नेम चुकला तर दोष सरावाचा नव्हे, खडूचा, हे त्या कोवळ्या मनावर बिंबते. ही शिकवण आम्हांस घातक वाटते.

हा खडू करतो काय, ते आधी पाहू. कॅरम आपल्या घरोघरी आहे. त्याच्या पटावर आपण बोरिक पावडर टाकतो ती सोंगटी सुळकन जावी म्हणून. बिलियर्डच्या खडूचे काम नेमके उलट आहे. काठीच्या टोकाशी चामड्याची लहानशी टोपी असते. ती गुळगुळीत, चेंडू तिच्याहून गुळगुळीत. चेंडूच्या मध्याऐवजी बाजूस आघात केला तर टोक निसटते आणि फटका फुकट जातो. खडूचे कण चामड्यात रुतून चेंडूस धरतात. नीट खडू लावलेल्या काठीने चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे निम्म्या अंतरापर्यंत आघात करता येतो. त्यापलीकडे जुना काय नि नवा काय, कोणताच खडू तारीत नाही.

शिवाय ज्यास आपण खडू म्हणतो तो खडू नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील बाथ येथे जॅक कार नावाचा एक खेळाडू चेंडूस फिरकी देणारी आपली अद्भुत भुकटी डब्यांत भरून चढ्या भावाने विकीत असे. ती साध्या खडूची पूड होती, असे सांगतात. जुन्या खडूचे आजचे विक्रेते कोणाच्या गादीवर बसले आहेत हे यावरून ध्यानी यावे! पुढे १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनज्ञ यांनी गारेची बारीक पूड व घासणारे कठीण द्रव्य यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. आजचे बहुतेक ठोकळे त्याच कुळातले. म्हणजे या वस्तूच्या इतिहासातील सर्वांत मोठी सुधारणा जुने टाकून नवे घेतल्यानेच झाली. त्या वेळच्या रसिकांनी "जुनी पांढरी पूडच खरी" असा हट्ट धरला असता, तर आज ज्या जुन्या खडूचे गोडवे गाइले जातात तो जन्मासच आला नसता.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. कारखानदार मिश्रण बदलतात. ज्याचा हात वीस वर्षे एका पकडीस सरावला आहे त्यास नवा ठोकळा परका वाटला तर तो ढोंगी नव्हे. पण त्याची तक्रार मिश्रण बदलल्याची आहे, खडूच्या वयाची नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत हेच सगळ्या स्तोमाचे मूळ आहे. गारेची पूड मुरांब्यासारखी मुरत नाही. पेटीत पडून बदल झालाच तर तो बहुधा दमटपणाने होतो, आणि तो बिघाडच असतो. मुंबईच्या चार पावसाळ्यांत उघडा राहिलेला ठोकळा आणि बालाघाटाच्या माथ्यावर, धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेला ठोकळा, दोन्ही एकाच सालचे असले तरी एक कसे म्हणावेत? हा ठोकळा कोठे आणि कसा राहिला याचा दाखला विक्रेत्याकडे कोणी मागत नाही. वेष्टनाचा रंग विटलेला असला म्हणजे झाले.

थोरांची नावे तर हटकून पुढे केली जातात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास जगज्जेते झाले, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ साली एका डावात १,१४९ गुण केले. तेव्हाचा खडूच तसा होता, म्हणतात. अहो, जोन्स यांनी १९५८ साली जो ठोकळा हाती घेतला तो त्या दिवशी नवाच असणार की! आजोबांच्या काळचा खडू धुंडाळीत ते हिंडले असतील, अशी कल्पना करूनही हसू येते.

जुन्या वस्तूंचा मान आम्हां धाराशिवकरांस कोणी शिकवावा असे नाही. आमच्याच जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे, प्राचीन तगर. तेथील लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी पंडितांनी दाखविले, आणि पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले असल्याने तेरच्या कलेच्या काळावरही प्रकाश पडला. तेथे जुनेपणास पुरावा लागतो. शिवाय त्या संग्रहालयातील मडके कितीही अमोल असले तरी त्यात कोणी पाणी भरीत नाही. हस्तिदंतावरून आठवले: बिलियर्डचे चेंडूही एके काळी हस्तिदंताचे असत. हवेबरोबर ते आकुंचत, तडकत; म्हणून ते गेले आणि आता कृत्रिम राळेचे चेंडू आले. जुन्या खडूच्या अभिमान्यांपैकी कोणी हस्तिदंती चेंडूंनी सामना मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ज्या घरांत मुले आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९६ साली अमेरिकेतील बालवैद्यकाच्या एका मासिकाने काही छापांच्या खडूंत शिशाचे प्रमाण फार असल्याचे प्रसिद्ध केले. सर्वच जुना खडू विषारी, असे आम्ही म्हणत नाही; पण ज्याचे साल माहीत नाही, घटक माहीत नाहीत, त्याची भुकटी मुलांच्या बोटांस लागू द्यावयाची ती कोणत्या भरवशावर? उलट नव्यांत काय साधले तेही पाहावे. चेंडूवर खडूचा डाग राहिला आणि नेमका तोच दुसऱ्या चेंडूस भिडला तर चेंडू उसळतो, नेम बिघडतो. हे टाळण्यासाठी फिनलंडमधील टाओम या कारखान्याने डाग कमी सोडणारा खडू काढला, आणि गेल्या काही वर्षांत कसलेल्या व्यावसायिकांनीही तो उचलला.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही त्यांस आमचे आव्हान आहे. एक जुना व एक नवा ठोकळा घ्या, दोहोंची वेष्टने काढा, दोहोंस एकच रंग फासा, आणि कोणता कोणता हे तिसऱ्याच माणसास ठाऊक असू द्या. टोपी तीच, टेबल तेच. प्रत्येक ठोकळ्याने शंभर फटके चेंडूच्या कडेशी मारा आणि निसटलेले मोजा. खर्च एका संध्याकाळचा. दाम मोजण्यापूर्वी मात्र ही परीक्षा करावी, आणि विक्रेत्यासही समोर बसवावे.