समोर बसलेला माणूस

“फोटो काढून घेऊ या की! मावशींना रोज कशाला बसवायचे?” ही सूचना यंदा आमच्या वर्गात आली तेव्हा, खोटे कशाला सांगू, पहिला हात माझाच वर गेला होता. मानधनाचे पैसे वाचणार आणि चित्र हवे तेव्हा घरी रंगवता येणार! आज मात्र त्याच सूचनेच्या विरोधात मी लिहीत आहे.

दोन दिवस आम्ही मोबाइल समोर ठेवून कॅनव्हास रंगवले. तिसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळी हजर! त्यांना नको म्हणून सांगायचे कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते. त्या मुकाट्याने चौथऱ्यावर चढल्या, खडूच्या खुणांवर पावले ठेवली आणि बसल्या. मी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्या चित्राकडे, आणि मनातून ओशाळलो.

माझ्या चित्रात मानेखालची सावली नुसती काळी होती. प्रत्यक्षात ती तांबूस, उबदार होती आणि हनुवटीखाली हिरव्या पदराची झाक चढली होती. फोटोत कपाळ पांढरेफटक पडले होते. प्रत्यक्षात तिथे खिडकीतल्या उजेडाचा निळसरपणा होता. जवळून फोटो घेतल्यामुळे गुडघे मोठे आणि डोके लहान झाले होते, आणि मी ते इमानेइतबारे तसेच उतरवले होते! ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब बाजूला ठेवून मी यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि थोडा व्हिरिडियन घेतला. तेव्हा कुठे आपल्या माणसाच्या कातडीचा रंग हाती लागू लागला.

तैलरंगाचा स्वभावही इथे कामी येतो. टर्पेंटाइनने पातळ केलेला पहिला हात, मग त्यावर तेलाचे प्रमाण वाढवत नेलेले थर, ही रीत सर्वांना पाठ आहे. पण हा रंग लवकर वाळत नाही, हीच त्याची मोठी सोय. काल ठेवलेला खांदा आज चुकलेला दिसला, तर खरवडून पुन्हा ठेवता येतो. मात्र त्यासाठी तो खांदा आजही समोर हवा.

कुणी म्हणेल, देगासारख्या चित्रकारानेही छायाचित्रे वापरली. वापरली खरी, पण प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनांवर त्याचा हात आधीच तयार झाला होता. आपण पायऱ्या गाळून माडीवर जाऊ पाहतो.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. त्या दिवशी विश्रांतीच्या वेळी मावशींनी विचारले, “बाळा, उद्यापासून येऊ की नको?” हा प्रश्न त्यांच्या रोजीचा होता, आणि आम्ही तो हात वर करून निकालात काढला होता! २०१८ साली ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या नावावरून वाद झाले. पण मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईच्या पोटाचा आणि मानाचा प्रश्न किती जणांच्या ध्यानात राहिला?

नंतर मी स्वतः वीस मिनिटे त्या चौथऱ्यावर बसून पाहिले. दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या आल्या, पंधराव्याला पाठ बोलू लागली. मित्रहो, प्रत्येकाने एकदा तरी बसून पाहावे.

माझे म्हणणे एवढेच, की मॉडेलचे दिवस कमी करू नयेत. ठरलेली विश्रांती मिळावी, मानधन त्याच दिवशी हातात पडावे, आणि उद्या यायचे की नाही हे आज सांगितले जावे. मानवाकृती शिकवणारे आमचे सर वर्गात आले की आम्ही उठून उभे राहतो. मावशीही तोच विषय शिकवतात. त्या आल्यावर निदान मोबाइल तरी खिशात ठेवावा.