जातिवाचक शब्द आला म्हणून लघुपट अपात्र : हा नियम नेमका कोणाला वाचवतो?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या चार पोरांनी गेल्या पावसाळ्यात अकरा मिनिटांचा एक लघुपट केला. कॅमेरा नाही, मोबाइल. लाइट नाही, ऊन. गोष्ट एवढीच की रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करणारी एक बाई पाणी मागते, तिला वरून ओंजळीत पाणी ओततात, आणि ती ग्लास मागते. मालकाचा मुलगा तिला जातीवरून एक शब्द बोलतो. पुढची चार मिनिटं पडद्यावर कोणीच बोलत नाही, फक्त रोवणी चालू राहते. बाईचं काम केलं ते एका खऱ्या मजूर मावशीने. तिला संवाद लिहून द्यावा लागला नाही.

पोरांनी तो लघुपट एका महोत्सवाला पाठवला. साडेसातशे रुपये प्रवेश शुल्क चौघांत वाटून भरलं. पंधरा दिवसांनी ई-मेल आला : नियमावलीतल्या अमुक कलमानुसार जातिवाचक शब्द असलेली, कोणत्याही समाजाच्या भावना दुखावणारी प्रवेशिका पुरस्कारासाठी अपात्र. शुल्क परत मिळणार नाही. त्या महोत्सवाचं नाव मी घेत नाही. हेच कलम तुम्हाला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्पर्धांच्या पत्रकांवर सापडेल, बहुतेकांनी एकमेकांचं पत्रक उतरवून घेतलेलं असतं.

मित्रांनो, आधी मान्य करू की या कलमामागे हेतू वाईट असेलच असं नाही. कोणीतरी पडद्यावर आपल्या समाजाची टिंगल करू नये म्हणून ते घातलं असेल. पण नियम हेतूवरून तपासायचा नसतो, त्याने कोण बाहेर पडतं त्यावरून तपासायचा असतो. इथे शिवी देणारं पात्र गुन्हेगार म्हणून दाखवलं आहे. ती शिवी ऐकावी लागलेल्यांनीच तो लघुपट केला आहे. आणि बाहेर कोण गेलं? ऐकणारे.

आता याच शब्दाचं पोलीस ठाण्यात काय होतं ते पाहा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३(१)(आर) सार्वजनिक दृष्टिपथात हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाबद्दल आहे आणि ३(१)(एस) जातीच्या नावाने शिवीगाळ करण्याबद्दल. ज्यांनी कधी तक्रारदारासोबत ठाण्याच्या बाकावर रात्र काढली आहे त्यांना माहीत आहे, आपण सगळ्यात जास्त कशासाठी भांडतो. फिर्यादीत तो शब्द जसाच्या तसा आला पाहिजे. "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिलं तर आरोपीचा वकील पुढे विचारतो, नेमका कोणता शब्द? म्हणजे न्याय मागायचा तर तो शब्द लिहून द्यायचा, आणि गोष्ट सांगायची तर तो शब्द गाळायचा. एकच बाई, एकच बांधी, एकच शब्द.

आणि हे भंडाऱ्यात बोलताना खैरलांजी आठवल्याशिवाय राहत नाही. मोहाडी तालुक्यातलं ते गाव. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचं रूपांतर जन्मठेपेत केलं, आणि तिथेही हा जातीचा गुन्हा ठरला नाही, सूडाचा ठरला. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. चार माणसं मारली गेल्याचं मान्य, फक्त जात मान्य नाही. ज्या जिल्ह्यात हे घडलं त्या जिल्ह्यातल्या पोरांना "जात दाखवा, पण जातीचा शब्द नको" असं सांगणारी नियमावली मला साधं कागदी काम वाटत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा लघुपट स्पर्धेचा केवढा बाऊ. बरं, मग मोठ्या महोत्सवांकडे पाहू.

मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो, मिफ म्हणतात त्याला. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. गुजरात २००२ वरच्या, धर्मांधतेवरच्या चित्रपटांचा तो काळ होता हे लक्षात घ्या. देशभरातले माहितीपटकार एकत्र आले, विरोध केला, अट मागे घेतली गेली. त्यानंतर निवड समितीच्या यादीतून टीकात्मक चित्रपट मोठ्या संख्येने गळलेले दिसले. म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावर माणूस बसवला. तेव्हा त्या माहितीपटकारांनी त्याच दिवसांत मुंबईत 'विकल्प' नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. 

२०१७ मध्ये केरळमध्ये, तिरुवनंतपुरमच्या माहितीपट-लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सेन्सॉरमधून सूट नाकारली. महोत्सवात प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवायला ही सूट लागते. त्या तिघांतला एक रामचंद्र पी. एन. यांचा, रोहित वेमुलावरचा. दुसरा काश्मीरवरचा, तिसरा जेएनयूच्या विद्यार्थी आंदोलनावरचा. दोन वर्षांनी त्याच महोत्सवात आनंद पटवर्धन यांच्या 'विवेक'लाही सूट मिळाली नाही, तेव्हा केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने प्रदर्शनाला परवानगी दिली. पटवर्धन न्यायालयात जाऊ शकतात. आमची लाखांदूरची, पवनीची पोरं साडेसातशे रुपयांसाठी कुठल्या न्यायालयात जातील?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं तर पात्रतेचं मूळच प्रमाणपत्रात आहे. त्या वर्षात सेन्सॉर बोर्डाने प्रमाणित केलेला चित्रपटच स्पर्धेत येतो, लघुपटसुद्धा. यावर लगेच कोणी सांगेल की नागराज मंजुळेंच्या 'पिस्तुल्या'ला ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळालाच ना, 'पावसाचा निबंध'ला ६५ व्या पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मिळालाच ना. मिळाला, आणि आपल्या सगळ्यांची छाती फुगली. शिकत असताना केलेला लघुपट तिथपर्यंत गेला, म्हणजे वाट बंद नाही हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण एक माणूस भिंत चढून गेला म्हणून भिंतीला जिना म्हणायचं का?

प्रमाणपत्राची भिंत दिसते त्याहून उंच आहे. अर्ज आता ऑनलाइन होतो, मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत, हे खरं. पण शुल्क, ठरावीक स्वरूपातली प्रत, संहिता, आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे जनावरं. चित्रपटात जनावराकडून काम करून घेतलं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आणि ना-हरकत लागते. ते मंडळ बसतं हरियाणातल्या बल्लभगडला. आता मला सांगा, भंडारा जिल्ह्यातल्या गावाची गोष्ट बैल, बकरी, कोंबडी यांना वगळून कशी सांगायची? शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन माणसं कॉफी पीत बोलत बसली आहेत, या लघुपटाला असली कसलीच परवानगी लागत नाही. जनावरांचे हाल होऊ नयेत याला माझा विरोध नाही. पण गाव दाखवायला जास्त कागद लागतात आणि दिवाणखाना दाखवायला कमी, एवढं तरी नियम करणाऱ्यांनी पाहावं.

बाकीच्या अटी वाचा. इंग्रजी उपशीर्षकं बंधनकारक. यूट्यूबवर आधी टाकलेला लघुपट चालणार नाही. शुल्क कार्डावरून, कधी डॉलरमध्ये. परीक्षकांचा निर्णय अंतिम, कारण विचारू नये. यातली एकही अट जात विचारत नाही. तरी चाळणीतून काय खाली राहतं ते आपल्याला दिसतं. झाडीबोलीतला संवाद इंग्रजीत कोण उतरवून देणार? आणि ज्याला थिएटर नाही, सभागृह नाही, त्याने यूट्यूबवर टाकलं नाही तर लोकांनी पाहायचं कुठे?

हा युक्तिवाद माझा नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. मतदाराची पात्रता तेव्हा मालमत्तेवर ठरत होती. अस्पृश्यतेमुळेच ज्याला धंदा करता येत नाही, मालमत्ता करता येत नाही, त्याच्याकडे मालमत्ता नाही म्हणून त्याला मत नाही, ही कुठली पात्रता? म्हणून अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, असं ते म्हणाले. सत्तावीस वर्षांचे होते तेव्हा. त्याच साक्षीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की नुसत्या मतांचं प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसांचं प्रतिनिधित्व लागतं. आमची बाजू कोणीतरी सहानुभूतीने मांडेल यावर ते थांबायला तयार नव्हते.

म्हणून माझी मागणी लघुपटांच्या कोट्याची नाही. काही तरुण मित्र म्हणतात, आपल्या महोत्सवात फक्त आपल्याच दिग्दर्शकांना प्रवेश द्या. मला ते पटत नाही. 'जय भीम कॉम्रेड' पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून केला, रमाबाई नगरचा गोळीबार आणि विलास घोगरे त्यात कायमचे राहिले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' जब्बार पटेलांनी केला. या दोघांना दारात जातीचा दाखला मागणार का? राखीव जागा हवी ती परीक्षकांच्या टेबलावर. पाच परीक्षक असतील तर निदान दोन दलित, आदिवासी, भटक्या समाजातले, आणि त्यांत एक तरी बाई. जी रोवणीच्या बांधीत उभी राहिली आहे तिला त्या चार मिनिटांच्या शांततेत काय चाललंय ते कळेल. परीक्षकांची नावं प्रवेशिका मागवतानाच छापा. अपात्र ठरवलं तर कोणत्या दृश्यामुळे ते लेखी कळवा आणि शुल्क परत करा. जातिवाचक शब्दाच्या कलमात एक ओळ वाढवा : असा शब्द अन्यायाचं चित्रण म्हणून आला असेल तर तो अपात्रतेचं कारण होणार नाही. कायद्याच्या भाषेत ही ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात.

आता थोडं आपल्या घरात. जयंतीनिमित्त आपली मंडळं ज्या लघुपट स्पर्धा घेतात त्यांची पत्रकं मी काढून बसलो. विषय : 'बाबासाहेबांचे जीवनकार्य', 'संविधान जागृती', 'व्यसनमुक्ती'. मजुरी नाही, गोसेखुर्दचं पुनर्वसन नाही, विडी वळणाऱ्या आयांचा खोकला नाही, आपल्याच पोटजातींचा विषय तर नाहीच नाही. "महापुरुषांचा अवमान होऊ नये" हे कलम आपणही घालतो, आणि त्याच्या आडोशाला समितीला न आवडणारा प्रत्येक लघुपट बाद करतो. बक्षीस देणारा कोण, तर गावचा कंत्राटदार, आणि पुरस्काराला नाव त्याच्या वडिलांचं. परीक्षक तो, ज्याची गाडी वेळेवर येते. २०१८ च्या मे महिन्यात दिल्लीत राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार देणार, बाकीचे मंत्री देणार असं कळल्यावर पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेले नाहीत. आपण त्यांचं कौतुक केलं. मग आपल्या कार्यक्रमात आमदार दोन तास भाषण करतो आणि लघुपट करणाऱ्या पोरीला रात्री साडेअकराला, खुर्च्या उचलताना प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा आपण कुठे असतो?

चेन्नईत पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर पी. के. रोझींच्या नावाने महोत्सव भरवतं. रोझी मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका. दलित असून नायर बाईची भूमिका केली म्हणून तिच्यावर हल्ला झाला आणि तिला गाव सोडून पळावं लागलं. पुरस्काराला, महोत्सवाला नाव कोणाचं द्यावं याचा तो धडा आहे. आमच्याकडे तर झाडीपट्टीची परंपरा आहे. दंडार, खडी गंमत, रात्रभर चालणारं नाटक, आणि शेतातल्या मंडपात तिकीट काढून बसणारे हजारो प्रेक्षक. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. हा प्रेक्षक इंग्रजी उपशीर्षक मागत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत नाटकाच्या आधी अर्धा तास तीन लघुपट दाखवायला कोणाची हरकत आहे? पडद्याला पांढरी चादर चालते. कायद्याची बाजू आधी नीट विचारून घ्या, सार्वजनिक प्रदर्शनाला नियम आहेत, उगाच पोरांना अडचणीत टाकू नका.

त्या चौघांना आता दुसऱ्या एका स्पर्धेला लघुपट पाठवायचा आहे. तिथेही तेच कलम आहे. त्यांतला एक जण म्हणाला, दादा, त्या शब्दावर बीप टाकू का? मी म्हटलं, मला विचारू नको, मावशीला विचार. मावशी म्हणाली, "मले ऐकू आला, मंग तुमाले काऊन नाई आयकाचा?"

बीप टाकलेला नाही. प्रवेशिकेसोबत एक पानाचं पत्र जोडलं आहे, त्यात कलम ३(१)(एस) चा उल्लेख आहे आणि परीक्षकांची नावं मागितली आहेत. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही लघुपट स्पर्धेची नियमावली तुमच्याकडे असेल तर मला पाठवा, आपल्या मंडळाची असेल तर आधी तीच पाठवा. सगळ्या समोर ठेवून एक नमुना नियमावली करायला बसू. पुढच्या १४ एप्रिलच्या आधी ती व्हायला हवी.

जय भीम.