टोलेडो पाहिले, पाटण राहिले!

ईस्टरच्या सुमारास युरोपातील विद्यापीठांना सुटी लागली की तेथे शिकणारे भारतीय विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून आणि स्वस्त विमानाचे तिकीट काढून स्पेनकडे निघतात. माद्रिद, टोलेडो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानाडा असा आठवडाभराचा मार्ग ठरून गेलेला आहे. या विद्यार्थ्यांमध्ये आता जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या गावांतील मुलेमुलीही दिसू लागली आहेत. त्यांपैकी अनेकांच्या आईवडिलांनी कर्ज काढलेले असते, काहींनी शेत गहाण टाकलेले असते. मुलगा ग्रानाडाच्या राजवाड्यासमोर उभा राहून छायाचित्र पाठवतो, ते पाहून आजीचे डोळे भरून येतात आणि शेजारीपाजारी आठ दिवस तोच विषय चालतो.

या प्रवासाला नाके मुरडणारा एक वर्ग आपल्यात आहे. परदेशी गेलेला मुलगा बिघडतो, पैसा उधळतो, तिकडचेच गोडवे गातो, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार उथळ आहे. तरुणाने जग पाहू नये, असे सांगणारी परंपरा आपली नव्हे. प्रश्न त्याने स्पेन पाहिला का, हा नसून तो पाहण्यासाठी आपण त्याला कोणते डोळे देऊन पाठवले, हा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र खानदेशातील सुशिक्षित घरांना, शाळांना आणि ‘आमच्याकडे सर्व काही होते’ अशी भाषणे करणाऱ्यांनाही अडचणीत आणणारे आहे.

सेव्हिलचेच उदाहरण घ्यावे. ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात त्या शहरातील धर्मबंधुसंघ आपापल्या मूर्तींचे भव्य देव्हारे रस्त्यांतून मिरवीत मुख्य चर्चकडे नेतात. देव्हाऱ्याखाली दडलेले भारवाहक ते ओझे मानेवर पेलतात. मिरवणुकीच्या मार्गावर बसण्यासाठी लोक पैसे मोजून खुर्च्या घेतात. आपला विद्यार्थी तासन् तास उभा राहून हे पाहतो, भारावतो, आणि त्यात गैर काहीच नाही. एखाद्या समाजाने आपली श्रद्धा रस्त्यावर इतक्या शिस्तीने आणि देखणेपणाने मांडावी, हे पाहण्यासारखेच आहे. पण याच विद्यार्थ्याच्या जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आज दीडशे वर्षांपलीकडे गेली आहे. त्या अवजड लाकडी रथाच्या चाकाखाली मोगरी लावून त्याला थांबवणे, वळवणे हे कसब जुन्या गावातील माणसे पिढ्यान् पिढ्या जपत आली आहेत. नव्या वसाहतीतील किती घरांनी आपल्या मुलांना हे कसब जवळ उभे करून दाखवले? ‘आज गावात जायला नको, रथ आहे, गर्दी असेल’ हे वाक्य मात्र त्या घरांतील मुलांच्या कानांवर नेमाने पडत असते. ज्याला लहानपणी स्वतःच्या गावचा उत्सव ‘अडचण’ म्हणून शिकवला, त्याला दुसऱ्याचा उत्सव ‘संस्कृती’ वाटला, तर दोष त्याचा कसा?

ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा पाहून येणारे तेथील व्यवस्थेची स्तुती करतात. तिकिटावर पाहणाऱ्याचे नाव असते, मुख्य महालांत शिरण्याची वेळ नेमलेली असते आणि ती चुकली की प्रवेश नाही. ‘आपल्याकडे असे कधी होणार!’ हा उसासा ठरलेला. परंतु स्पेनला ही शहाणीव उपजत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा राजवाडा पडीक होता. १८१२ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने त्याचे काही बुरूज सुरुंगाने उडवून दिले. १८२९ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा अमेरिकी लेखक तेथे राहिला आणि १८३२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. १८७० मध्ये राजवाडा राष्ट्रीय स्मारक झाला. पुढे १९२३ पासून तोर्रेस बाल्बास या वास्तुविशारदाने तेरा वर्षे खपून त्याची शास्त्रशुद्ध डागडुजी केली. ज्या राजवटीने तो बांधला, तिला १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने पदच्युत केले होते. त्याच वर्षी त्यांनी ज्यूंनाही देशाबाहेर घालवले. म्हणजे सहिष्णुतेचे धडे स्पेनकडून घ्यावेत, असे कोणी म्हणू नये! घ्यायचा तो एवढाच धडा की, तेथील समाजाला उशिरा का होईना जाग आली आणि एकदा जाग आल्यावर त्याने काम सोडले नाही.

आता टोलेडोकडे वळू. ताखो नदीने तीन बाजूंनी वेढलेले हे डोंगरावरचे नगर. वाटाडे तेथे एक कथा हमखास सांगतात. १०८५ मध्ये हे शहर अरबांकडून ख्रिस्ती राजाच्या हाती आले. ग्रंथालये शाबूत राहिली आणि बाराव्या शतकात युरोपभरातील जिज्ञासू अरबी ग्रंथांच्या शोधात येथे येऊ लागले. क्रेमोनाचा जेरार्ड हा त्यांतला अग्रणी. तो इटलीहून एका ज्योतिषग्रंथाच्या शोधात आला, अरबी शिकला आणि सत्तरहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवून ११८७ मध्ये निवर्तला. युरोपच्या ज्ञानोदयाची एक वाट टोलेडोतून गेली, असे वाटाडे अभिमानाने सांगतात आणि ते खरे आहे.

वाटाड्याच्या कथेत जे बहुधा येत नाही, ते खानदेशी विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे होते. याच टोलेडोचा काझी साईद अल-अंदलुसी याने १०६८ मध्ये जगातील राष्ट्रांच्या विद्यांचा इतिहास लिहिला. विद्यांची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांत त्याने पहिले स्थान भारताला दिले. त्याच्याही आधी, ९७६ मध्ये, उत्तर स्पेनमधील एका मठात विगिला नावाच्या साधूने लिहिलेल्या हस्तलिखितात भारतीयांच्या कुशाग्र बुद्धीची प्रशंसा करून नऊ अंक दिले आहेत. पश्चिम युरोपातील हे अंकांचे सर्वांत जुने ज्ञात लेखन होय. त्यात शून्य नाही, ते मागाहून पोहोचले. हे हस्तलिखित आज माद्रिदजवळच्या एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. कोर्दोबात संस्कारित झालेल्या ख्वारिझ्मीच्या ज्योतिषसारण्यांत रेखांशाची गणना ‘अरिन’ या ठिकाणापासून केलेली आहे. अरिन म्हणजे आपले उज्जैन! धुळ्याच्या माणसाला जे उज्जैन एका दिवसात गाठता येते, तेथून स्पेनमधले ज्योतिषी आकाश मोजत होते.

आता वर्षे जुळवून पाहावीत. जेरार्डचा जन्म १११४ च्या सुमारास झाला, असे मानतात. भास्कराचार्यांचा जन्मही १११४ चाच. जेरार्ड टोलेडोत अरबी पोथ्या उलगडत होता त्याच काळात, ११५० मध्ये, इकडे सह्याद्रीच्या आश्रयाने ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध झाला. येथे अतिउत्साही मंडळींना आवरले पाहिजे. भास्कराचार्यांचे ग्रंथ टोलेडोत भाषांतरित झाले, असा एकही पुरावा नाही. ‘लीलावती’चे फारसी भाषांतर फैजीने केले ते १५८७ मध्ये, अकबराच्या दरबारात. स्पेनला पोहोचले ते भास्कराचार्यांच्या कितीतरी आधीच्या भारतीय गणितज्ञांचे धन. खरा इतिहास इतका समृद्ध असताना खोट्याची भर घालणारे त्याच्यावर अन्यायच करतात.

आणि या इतिहासाचा दगडात कोरलेला साक्षीदार खानदेशातच उभा आहे. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. तेथील देवीच्या मंदिरात इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. घराण्याच्या पिढ्यांची नावे लेखात आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या दृष्टीस आणला, तेव्हापासून भास्कराचार्यांच्या चरित्राचे ते प्रमुख साधन ठरले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, शेवटचा मात्र त्या काळच्या मराठीत. का? कारण तो पंडितांसाठी नव्हता, बाजारासाठी होता. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा जो वाटा राजाकडे जात असे, तो मठाला द्यावा आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. टोलेडोच्या पंडितांना धर्मपीठाचा आधार लाभला. पाटणच्या गणितशाळेत रात्री जो दिवा जळे, त्यात तेल्याच्या घाण्याचे तेल होते.

अशा ठिकाणी आज कोण जाते? श्रद्धाळू नवस फेडायला येतात, ते येवोत. पावसाळ्यात धबधब्यासाठी तरुणांच्या झुंडी येतात. आपल्याच भागात हा शिलालेख असताना खानदेशातील शाळांच्या सहली जातात कोठे, याची चौकशी पालकांनी एकदा करावी. जलक्रीडा उद्याने आणि करमणूक नगऱ्या यांच्या पुढे ती यादी फारशी सरकत नाही. अजिंठा तरी पदरात पडतो, तोही जगाने नावाजला म्हणून. साक्री तालुक्यातील बळसाण्याच्या मंदिरसमूहाचे नाव धुळ्याच्या महाविद्यालयीन युवकाला विचारून पाहावे. पारोळ्याचा भुईकोट जळगाव-धुळे मार्गावरच आहे, झाशीच्या नेवाळकर घराण्याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. वर्षानुवर्षे तेथून एस.टी.ने ये-जा करणाऱ्यांपैकी किती जण केवळ किल्ल्यासाठी उतरले असतील? स्पेनने १९२८ पासून आपल्या जुन्या किल्ल्यांत आणि मठांत सरकारी अतिथिगृहे उघडून त्या भिंतींना पुन्हा माणसांची सोबत दिली. आपण आपल्या किल्ल्यांना बाभळीच्या हवाली केले.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून कागद गोळा केले आणि १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे. त्याच धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिराने समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकी रामायण जपले आहे. परदेशी जाण्याआधी पारपत्र, व्हिसा, बँक असे शंभर फेरे घालणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन वास्तूंत नेण्यास एक दुपार पुरते. चाळीसगावात तर केकी मूस यांचे कलादालन आहे. इंग्लंडमध्ये कला शिकून हा मनुष्य आपल्या गावी परतला आणि जवळपास पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडला. घरात बसून त्याने जी छायाचित्रे घडवली, ती जगाने गौरवली. (विक्षिप्तपणा म्हणावा, पण परदेशाने दिलेली दृष्टी गावात कशी वापरावी, हे त्याला ठाऊक होते.)

कार्यकर्त्यांनाही येथे सुटका नाही. शून्याचा शोध भारताने लावला, हे वाक्य व्यासपीठावरून टाळ्या मिळवते. तो टाळी घेणारा वक्ता आणि ती देणारे श्रोते यांपैकी पाटणचा दगड किती जणांनी हाताने चाचपला आहे? दहा मिनिटांचे गौरवगान करणे सोपे आहे. तीस मुलांना गाडीत घालून पाटणला नेणे, लेखातील चार ओळी त्यांच्याकडून वाचून घेणे, भास्कराचार्यांचे एखादे उदाहरण तेथेच बसून सोडवून घेणे, याला आधी स्वतः अभ्यास करावा लागतो. ज्या मुलाने सातवीत असताना हे केले असेल, तो वीस-बाविसाव्या वर्षी टोलेडोच्या वाटाड्याला थांबवून विचारील, की बाबा रे, हे अंक तुझ्याकडे आले कोठून? त्याच्या शेजारी उभे असलेले चार जर्मन, चार फ्रेंच विद्यार्थी ते ऐकतील. आज तो केवळ छायाचित्र काढून पुढे सरकतो.

शासनाने काय करावे, याची यादी नेहमीचीच आहे. रस्ता, फलक, प्रशिक्षित वाटाडे, लेखाचा मराठी अर्थ सांगणारी पाटी, हे सर्व मागितलेच पाहिजे. पण ‘शासन लक्ष देत नाही’ हे म्हणणाऱ्या जळगावने पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग पुन्हा एकदा वाचावा. बाराशे सातमध्ये राजाने आपला वाटा सोडला, तसा तेल्यानेही पळीभर तेल काढून दिले. आज जळगावची सुवर्णपेठ देशात नावाजलेली आहे. डाळ गिरण्या आहेत, केळीचा व्यापार आहे, धुळ्याकडे तेलाच्या आणि कापसाच्या गिरण्या आहेत. या पेठांनी वर्षातून एका शाळेच्या एका सहलीचा खर्च उचलायचा ठरवला, तर खानदेशातील एकही सातवीचा वर्ग पाटण पाहिल्यावाचून राहणार नाही. चांगदेवाने दान मागितले होते ते असेच, दर घाण्यामागे.