भिंती उमटल्या, माणसें पुसलीं

संस्कृतांत 'गृहाः' हा बहुवचनी शब्द घर आणि घरांतील मंडळी अशा दोन्ही अर्थीं येतो. टॉमस अ‍ॅनन याचीं छायाचित्रें पाहतांना हे दोन अर्थ वेगळे झालेले दिसतात.

ग्लासगो शहरांतील जुन्या, कोंदट वस्त्या पाडण्याचा कायदा १८६६ सालीं झाला. त्या नाहींशा होण्यापूर्वीं तेथील गल्ल्यांचीं चित्रें घेण्याचें काम अ‍ॅननकडे आलें. १८६८ ते १८७१ या काळांत त्यानें तें केलें. त्या वेळीं कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे. बोळांत उजेड थोडा, म्हणून भिंग बराच वेळ उघडें ठेवावें लागे. परिणामीं भिंतींचा दगड न् दगड उमटला. हललेलीं मुलें आणि वाऱ्यावरचें धुणें यांचें मात्र धुकें झालें. चित्राखालीं गल्लीचा क्रमांक आहे, रहिवाशाचें नांव नाहीं.

वाचकहो, आपला वाडा पाडावयाचा झाल्यास त्याचें छायाचित्र अवश्य घ्यावें. परंतु आधीं वडीलधाऱ्यांस ओसरीवर बसवावें, आणि चित्रामागें प्रत्येकाचें नांव लिहावें. पुढील पिढीस भिंत ओळखतां येईल. माणूस ओळखावयास नांवच लागेल.