वाटा मिळतात, गांठ पडतेच असें नाहीं

गेल्या पंधरवड्यांत आमची पुतणी व तिचे आजोबा, म्हणजे आमचे तीर्थरूप, यांचें एका उदाहरणावरून चांगलेंच वाजलें. एरवीं दोघांचें बोलणें फारसें होत नाहीं. तीर्थरूपांचें जेवण सातला, हिचें वर्ग संपवून आल्यावर साडेआठला. एकाच ओसरीवरून जाणें-येणें असून चार-चार दिवस गांठ नाहीं.

उदाहरण असें: चौकटीच्या फरशीवरून दोन मुंग्या सरळ चालल्या आहेत. एक (०, ०) पासून (८, ४) कडे, दुसरी (४, ०) पासून (०, २) कडे. दोघी एकाच वेळीं निघतात व आपापल्या एकसमान गतीनें चालून बरोबर एका मिनिटांत मुक्कामास पोंचतात. वाटेंत त्यांची गांठ पडेल काय?

तीर्थरूपांनीं क्ष = २य आणि क्ष + २य = ४ हीं समीकरणें मांडून (२, १) हा बिंदु काढला व तेथें गांठ पडते असा निकाल दिला. पुतणी म्हणाली, "आजोबा, तुम्हीं वाटा पाहिल्यात, वेळ पाहिली नाहींत."

मुलीचें म्हणणें खरें होतें. रेषेचें नेहमींचें समीकरण वाट सांगतें; त्या वाटेवर कोण केव्हां होतें, हें सांगत नाहीं. शिवाय रेषा दोन्ही अंगांनीं अनंत, आणि रेषाखंडाला तर आरंभ व शेवट असतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं तिसरी एक राशि घेतात. तिला प्रचल म्हणतात. आपण तिला ट म्हणूं. ट शून्य असतां आपण आरंभीं, एक असतां शेवटीं. कृति सोपी आहे: शेवटांतून आरंभ वजा करावा, बाकीस ट नें गुणावें व तें आरंभांत मिळवावें, क्ष साठीं एकदां, य साठीं एकदां.

त्याप्रमाणें पहिली मुंगी: क्ष = ८ट, य = ४ट. दुसरी: क्ष = ४ − ४ट, य = २ट. (२, १) वर पहिली येते ट पाव असतां, दुसरी अर्धा असतां. म्हणजे एक पंधराव्या सेकंदाला, दुसरी तिसाव्या. दुसरी तेथें येते तेव्हां पहिली (४, २) वर गेलेली असते! म्हणून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें: वाटा कोठें छेदतात हें पाहतांना दोन वाटांना दोन निराळे प्रचल घ्यावेत, भेट पाहतांना मात्र एकच.

वक्रांनाही हीच युक्ति लागू पडते. वर्तुळावर एका क्ष ला बहुधा दोन य येतात; परंतु त्रिज्या त्र धरून क्ष = त्र कोज्या ट, य = त्र ज्या ट असें लिहिलें, कीं ट ० पासून ३६० अंशांपर्यंत जातांना सबंध वर्तुळ क्रमानें उमटतें; १८० अंशांवर थांबलें तर अर्धें.

याहून नवलाची कृति फ्रान्समधील सित्रोएन मोटारींच्या कारखान्यांत पॉल द कास्तलजो यांनीं १९५९ सालीं बसविली. अ, ब, क हे तीन बिंदु घ्यावेत. अब वर ट इतका भाग पुढें जावें, बक वर तितकाच. त्या दोन बिंदूंना जोडून त्या खंडावर पुन्हां ट इतकाच. ट शून्यापासून एकपर्यंत नेला, कीं अन्वस्ताचा डौलदार तुकडा तयार! कारखान्यानें ही कृति गुप्त ठेवली. तेच वक्र रेनो कारखान्याच्या पिएर बेझिए यांनीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध केले व त्यांना बेझिए यांचेंच नांव पडलें. आज संगणकावरील अक्षरांचीं वळणें, आपल्या देवनागरीचीं सुद्धां, अशाच वक्रांनीं बांधतात.

तीर्थरूपांनीं सर्व गणित शांतपणें तपासलें, चष्मा पुसला व म्हणाले, "माझी वाट चुकली नव्हती, वेळ तूं दाखविलीस." त्या दिवसापासून त्यांचें पान साडेआठला मांडलें जातें.